आरे-वारे आणि मधली आडवी रेघ

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने निघालात की वाटेत आरे-वारे लागते. 'लागते' हे एकवचन मी पाहुण्यांच्या सोयीसाठी वापरले. गावात ते खपत नाही. आरे हे एक गाव आणि वारे हे दुसरे. डोंगराच्या अंगावरून रस्ता वळणे घेत जातो, तिथे पर्यटक गाडी थांबवतात, दोन्हीकडचे किनारे, सुरूची बने आणि पांढरी फेसाची किनार एकाच फोटोत कोंबतात, 'आरे-वारे बीच' असे त्याचे बारसे करतात आणि पुळ्याला मोदक गाठायला पुढे निघून जातात. आरेकरांना विचाराल तर खरा किनारा आरेचा. वारेकरांना विचारू नका, जेवायची वेळ टळून जाईल.

या दोन नावांमध्ये जी आडवी रेघ आहे तिच्याविषयी मला बोलायचे आहे. अशीच रेघ रसायनशास्त्रातही असते. दोन अणूंची चिन्हे लिहायची आणि मध्ये एक रेघ ओढायची, म्हणजे त्यांचा 'बंध' जुळला. आर्चिबाल्ड कूपर नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८५८ साली अशा रेघा ओढल्या. त्या रेघेत नेमके आहे काय, हे कळायला १९१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतल्या गिल्बर्ट ल्यूइसने सांगितले, की ती एक रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची जोडी, दोन्ही अणूंच्या सामाईक मालकीची. ल्यूइससाहेब कोकणात जन्मले नव्हते हे इथेच उघड होते. 'सामाईक' हा शब्द आमच्याकडे इतक्या निर्धास्तपणे कोणी उच्चारत नाही. सामाईक विहीर, सामाईक गडगा, सामाईक फणस यांनी इकडे माणसे जोडलेली मी पाहिलेली नाहीत. कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मात्र पुष्कळ पाहिली आहेत.

आता पस्तीस वर्षे बँकेत खतावण्या जुळवून निवृत्त झालेल्या माणसाला हे उद्योग सांगितले कोणी? सांगितले आमच्या कन्येने. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. शास्त्रात नंबर पहिला. अकरावीला सायन्सला गेली आणि एका रात्रीत सगळ्या ओळखीच्या मंडळींनी पोशाख बदलले. 'संयुजा'ची व्हॅलन्सी झाली, 'सहसंयुज बंधा'चा कोव्हॅलंट बाँड झाला, 'मूलद्रव्य' एलिमेंट म्हणून मिरवू लागले. वर्गातली बाकीची मुले या मंडळींना बालवाडीपासून ओळखत होती; हिला प्रत्येकाची नव्याने ओळख करून घ्यावी लागली. 'केमिकल बाँडिंग' या धड्यावरच्या चाचणीत पंचवीसपैकी सात पडले. तिच्या कॉलेजातले गुरुजी पेपर देताना सर्वांसमक्ष म्हणाले, की मराठी मीडियमवाल्यांनी आर्ट्सचा विचार करायला हरकत नाही. पोरीने तो केला. जूनमध्ये सायन्स सोडते, म्हणाली. घरात सुतक पडल्यासारखे झाले. आर्ट्समध्ये वाईट काही नाही, मी स्वतः आर्ट्सचाच; पण माणसाने घर स्वतःच्या पायांनी सोडावे, दुसऱ्याने ढकलले म्हणून नव्हे.

"बाबा, तुम्ही तिला घेऊन अक्कामावशीकडे जा," कन्या म्हणाली. "आंबे खाईल, डोकं शांत होईल. आणि जमलं तर जरा बाँडिंगचं बघा."

आमची ही म्हणाली, "ह्यांना आपल्या चपलांची जोडी जुळवता येत नाही, बाँडिंग कसलं बघतात!"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. साठएक वर्षांपूर्वी लग्न होऊन आरेला गेली ती तिथलीच झाली. जांभ्या दगडाचे घर, पुढे ओटी, ओटीवर झोपाळा. मे महिन्यात अंगणभर आमसुले वाळत असतात आणि अक्का त्यांच्यावर आणि कोंबड्यांवर एकाच वेळी ओरडत असते. त्या झोपाळ्यावर बसून आम्ही आजोबा-नातींनी केमिस्ट्रीला हात घातला.

पहिले प्रकरण अणूचे. हे मला फार आवडले. आमच्या वेळी मास्तर फळ्यावर एक टिंब काढून भोवती वर्तुळे काढीत आणि वर्तुळांवर मण्यांसारखे इलेक्ट्रॉन ओवून टाकीत. त्यामुळे अणू म्हणजे एकादशीचे भरगच्च ताट असावे अशी माझी समजूत करून देण्यात आली होती. प्रत्यक्षात ताट रिकामे! १८९७ साली थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, तेव्हा त्यालाही अणू भरलेलाच वाटला होता. धनप्रभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतलेले, कलिंगडात बिया असाव्यात तसे. मग रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. जवळजवळ सगळे कण सरळ पार निघून गेले आणि हजारोंतला एखादाच उलट्या पावली परतला. १९११ साली रदरफर्डने त्याचा हिशेब मांडला : अणूचे जवळपास सगळे वजन मधल्या एवढ्याशा केंद्रकात, बाकी मोकळे रान. केंद्रक आणि अणू यांच्या आकारात साधारण एकास लाखाचे प्रमाण पुस्तक सांगते. अक्काच्या पानदानातली सुपारी घेऊन मी नातीला म्हटले, "ही आरेच्या वाळूत ठेवली, तर अणूची हद्द चहूबाजूंनी एकेक किलोमीटरवर. मधल्या जागेत ना घर ना दार."

"आणि सातबारा कोणाच्या नावावर?" आतून अक्काने विचारले.

थोड्या वेळाने ती ओटीवर आली आणि हळूच म्हणाली, "ते अणूचं शिकवतोयस, ते जैतापूरचंच ना रे?" रत्नागिरी जिल्ह्यात अणू या शब्दाला जैतापूरचा प्रकल्प इतका चिकटला आहे की दुसऱ्या अणूची इथे ओळख करून द्यावी लागते. मी तिला सांगितले, की अणू सगळ्यातच असतात, या झोपाळ्यात, आंब्यात, तुझ्यातही. ती म्हणाली, "माझ्यात काही नाही. मी परवाच तपासून आल्ये."

शब्दांची गंमत तर पुढेच आहे. मराठीत सर्वांत धाकटा तो अणू आणि अणूंचा मिळून होतो तो रेणू. हिंदीत मात्र धाकटा तो परमाणु, आणि 'अणु' म्हणजे आपला रेणू! तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र हिंदीत 'परमाणु अनुसंधान केंद्र' होते. म्हणजे ठाण्याचा अणू इटारसी ओलांडली की फुगून रेणू होतो. हे ऐकून नात चाचणीनंतर पहिल्यांदा हसली. "म्हणजे शब्द सगळ्यांचेच गोंधळतात," ती म्हणाली. मी गप्प बसलो. चांगले चालले असताना शिक्षकाने गप्प बसावे.

मग आले मीठ. आयनिक बंध. पुस्तकात सोडियम मोठ्या मनाचा दाखवला आहे. त्याच्याकडे बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, क्लोरिनला एकच कमी. सोडियम तो देऊन टाकतो, क्लोरिन घेतो, दोघे सुखाने नांदतात. मला हे पटेना. पस्तीस वर्षांत बँकेत असा खातेदार मी पाहिला नाही. नातीकडून आकडे मागवले. सोडियमकडून इलेक्ट्रॉन सोडवून घ्यायला मोलमागे ४९६ किलोज्यूल खर्च. क्लोरिनने तो घेतला की परत मिळतात ३४९. म्हणजे सरळसरळ १४७ ची खोट! हे दान नव्हे, बुडीत कर्ज. मग मीठ होते तरी कसे? होते ते असे, की धन आयन आणि ऋण आयन एकेकट्या जोडप्याने राहतच नाहीत. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी चाळच्या चाळ उभी राहते आणि ती उभी राहताना ७८७ किलोज्यूल मोकळे होतात. खोट भरून निघते आणि वर घसघशीत शिल्लक उरते. फायदा व्यवहारात नाही, बिऱ्हाड करण्यात आहे. नातीने वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाली, "हे असं कोणी सांगितलंच नाही. आम्हाला फक्त 'डोनेट्स' लिहायचं असतं."

आठ इलेक्ट्रॉन पुरे झाले की अणू तृप्त, हा अष्टकाचा नियमही तिने घोकला होता. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' म्हणणाऱ्या समाजाला तो शिकवावा लागत नाही. पण अणूला काही हवे असते, आठ झाले की समाधान वाटते, ही भाषा आपली. अणूला ना हौस ना समाधान. शिवाय ज्यांची आठाची पंगत मुळातच पूर्ण आहे, ते निष्क्रिय वायू कोणाशी बोलत नाहीत अशी जी ख्याती होती, ती १९६२ साली नील बार्टलेटने मोडली. त्याने झेनॉनचे संयुग करून दाखवले. या घराण्यातला धाकटा हेलियम दोनाच्या पंगतीवरच खूष असतो. तो मात्र कोकणचा, असे अक्काचे यजमान सांगायचे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात विजयदुर्गावर साहेब दुर्बिणी लावून बसला आणि त्याने तो सूर्यात शोधला, तिथे अजून 'साहेबाचे कट्टे' आहेत, वगैरे. ग्रहण खरे, कट्टेही आहेत. पण ज्या लॉकयर साहेबाचे नाव घेतात तो तेव्हा इंग्लंडात होता, आणि जान्सेन होता गुंटूरला. अर्थात हे विजयदुर्गात बोलायचे नाही.

इथवर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "झालं. आता फक्त इंटरमॉलिक्युलर फोर्सेस. ते पानभरच आहे. कमी मार्कांना असतं."

संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. इथला समुद्र दिसतो तेवढा साधा नाही, म्हणून अक्काने घोट्यापर्यंतच पाण्यात जाण्याचा हुकूम सोडला होता. शेजारी कुणाची तरी मुले किल्ला करत होती. कोरडी वाळू घेतली की ती बोटांतून निसटे, ओली घेतली की बुरूज उभा राही, आणि लाट येऊन बुरूज पाण्याखाली गेला की पुन्हा तिचा चिखल. मी नातीला विचारले, "वाळू तीच. पाणीही तेच. मग पाणी थोडं असलं की किल्ला आणि जास्त झालं की सपाट, हे कसं?"

तिने पुस्तक उघडले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. ती म्हणाली, पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात, म्हणून पाण्याला ताण असलेला पृष्ठभाग असतो. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा लहानसा पूल होतो आणि तो कणांना जवळ ओढून धरतो. सगळेच बुडाले तर पृष्ठभागच उरत नाही, मग ओढणार कोण? मग तिचे तिलाच सुचत गेले. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध तोडायला मोलमागे साडेचारशेच्या वर किलोज्यूल लागतात. एका रेणूची शेजारच्या रेणूशी जी ओढ, तिला म्हणायचे हायड्रोजन बंध, ती जेमतेम वीसेक किलोज्यूलची. पाणी उकळते तेव्हा ही शेजारची ओढ सुटते, रेणू मोडत नाही. भातातून वाफ येते ती पाण्याचीच असते. हायड्रोजन येत असता तर आपली स्वयंपाकघरे केव्हाच उडाली असती. आणि ही दुबळी ओढ नसती तर समुद्र कुठला! पाण्याचे थोरले भावंड हायड्रोजन सल्फाइड. वजनाने जवळजवळ दुप्पट, पण ही शेजारधर्माची ओढ त्याच्यात अगदी कमी. ते उणे साठ अंशालाच उकळते आणि आपल्याला भेटते ते वायू म्हणून, सडक्या अंड्याचा वास घेऊन. समोर एवढा थोरला अरबी समुद्र त्या कमी मार्कांच्या पानावर उभा होता.

घरी परतताना तिने मला त्या पानावरचे दुसरे नाव दाखवले : व्हॅन डर वाल्स. हा गृहस्थ मला आधी माहीत असता तर मी त्याच्यापासूनच सुरुवात केली असती. हॉलंडमधल्या एका सुताराचा मुलगा. शाळामास्तर झाला. पुढे शिकायचे तर विद्यापीठाची परीक्षा देता येईना, कारण लॅटिन आणि ग्रीक येत नव्हते. पुढे नियम बदलला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. १८७३ साली, पस्तिशी उलटल्यावर, त्याने लायडनला प्रबंध दिला. वायू आणि द्रव यांच्यातले रेणू एकमेकांना कसे ओढतात यावर, आणि तोही डच भाषेत. थोर मॅक्सवेलने त्याच्यावर लिहिताना म्हटले, की या प्रबंधामुळे एकाहून अधिक अभ्यासकांचे लक्ष डच भाषा शिकण्याकडे वळले आहे. १९१० साली त्याला नोबेल मिळाले. नातीने हे दोनदा वाचायला लावले. "लॅटिन येत नव्हतं म्हणून परीक्षेला बसू देत नव्हते?" तिने विचारले. मग बराच वेळ झोपाळ्याच्या कड्यांचाच काय तो आवाज.

पण ती व्हॅन डर वाल्सची ओढ डोळ्यांना दाखवायची कशी? हायड्रोजन बंधापेक्षाही ती बहुधा दुबळी. ते काम अक्काने केले, आणि ते करताना आपण काही करतो आहोत याचा तिला पत्ताही नव्हता. नातीच्या टाचेला भेग पडली होती. अक्काने फळीवरचा कोकमतेलाचा गोळा काढला, दिव्यावर जरासा शेकला आणि टाचेला चोळला. मे महिन्याची रत्नागिरी, अंगाची काहिली, आणि तेलाचा गोळा दगडासारखा घट्ट! शेजारी खोबरेलाची बाटली होती, ती पातळ. नात म्हणाली, "पुण्याला मावशीकडे थंडीत खोबरेल गोठतं. बाटली उन्हात ठेवावी लागते. आणि शेंगदाण्याचं तेल तिथेही गोठत नाही."

तिन्ही तेलांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, दुसरे काही नाही. तिन्हींत रेणूंना लांब शेपट्या. आतले बंधही सारखेच मजबूत. मग एक पुण्याच्या थंडीत वाहते, दुसरे चोवीस अंशांच्या खाली गोठते आणि तिसरे रत्नागिरीच्या उन्हाळ्यालाही दाद देत नाही, हे का? नात वही घेऊन बसली. अक्का परसात आगोटीची लाकडे रचत होती. पावसाळ्याची बेगमी. "ह्या शिरपुटीला काय झालं," ती कुरकुरली, "सरळ फाटी कशी एकावर एक गच्च बसत्ये. हे वाकडं मेलं एक घातलं की सगळी रास सैल होत्ये."

नात उठून उभी राहिली. "अक्काआजी, परत सांग!"

अक्काने परत सांगितले, जरा घाबरूनच. तेवढ्यात उलगडा झाला होता. शेंगदाण्याच्या तेलातल्या बहुतेक शेपट्यांना मध्येच बाक असतो, त्या जवळजवळ बसत नाहीत, ओढ पुरत नाही, तेल पातळ राहते. खोबरेलाच्या शेपट्या बहुतेक सरळ पण आखूड. कोकमतेलाच्या लांब, आणि तीनांतल्या साधारण दोन सरळ. लांबच्या लांब अंगाला अंग लावून त्या बसतात, आणि एकेका जागी नगण्य असलेली ओढ जागोजागी लागू होऊन रास घट्ट होते. दिव्याची थोडी ऊब दिली की ती सुटते, तेल पाझरते, टाचेची भेग भरते. आतला एकही बंध तुटलेला नसतो.

वर वाशावर पाल चुकचुकली. अक्काने तीनदा जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हटले. आता पोरीला थांबवणे कोणाच्या हाती नव्हते. तिने पुस्तकातली चौकट वाचून दाखवली : पाल उलटी चालते ती तळव्याला काही चिकट असते म्हणून नव्हे. २००० आणि २००२ साली केलर ऑटम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पालीच्या एका मोठ्या भाऊबंदावर प्रयोग करून दाखवले, की तिच्या पायांना लाखो बारीक केस असतात, प्रत्येकाची टोके शेकड्यांनी फुटलेली, आणि ती टोके भिंतीला इतकी जवळ जातात की मुख्यतः व्हॅन डर वाल्सच्या ओढीवरच ती तगून राहते.

"म्हणजे त्या डच मास्तरनं आमची पाल धरून ठेवलीय?" अक्का म्हणाली. "तिला म्हणावं, माझ्या आमसुलांवर सोडू नकोस."

त्या रात्री मी नातीला विचारले, की आरे-वारेमधली रेघ कुठल्या जातीची? तिने विचार करून सांगितले, की बंध नक्कीच नाही. दोन्ही गावे आपापल्या जागी पूर्ण आहेत, कोणी कोणाला काही दिलेले नाही आणि सामाईक तर काहीच ठेवलेले नाही. ही आपली शेजारची ओढ. रेघेऐवजी टिंबे टिंबे काढायला हवीत, पुस्तकात हायड्रोजन बंधाला काढतात तशी. अक्काने झोपेतून सांगितले, की रस्ता झाल्यापासून पर्यटक येतात, बाकी ओढ-बिढ काही नाही.

निघताना अक्काने कोकमतेलाचा एक गोळा कागदात बांधून दिला. नातीने तो दप्तरात ठेवला. खिडकीतून उन्हाची तिरीप दिवसभर त्याच दप्तरावर. डोंबिवलीला उतरलो तेव्हा गोळ्याने पुस्तकात घर केले होते. बाँडिंगच्या धड्याची शेवटची पाने तेलाने इतकी आरपार झाली होती की पुढचा आणि मागचा मजकूर एकदम वाचता येत होता. कन्येने दार उघडताच विचारले, "मग, काय ठरलं?"

"बारावीची पुस्तकं आलीत का दुकानात?" नातीने विचारले आणि दप्तर सोफ्यावर टाकले.

ही धावली. "अगं, तो डाग! आता जन्मात जायचा नाही!"

"जाईल. साबणानं जाईल," नात म्हणाली, आणि साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाशी आणि दुसरे पाण्याशी कसे सूत जमवते ते सांगू लागली. ती सांगत होती, ही घासत होती.